शितावरून भाताची परीक्षा : सरासरी व प्रमाण यांसाठी परिकल्पना-चाचणीची मांडणी

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारण्यात आला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा हिस्सा या कारखान्यातून पुरवला गेला आहे. त्यांपैकी '८८०' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रेणीच्या रुळाने दर चौरस मिलिमीटरला किमान ८८० न्यूटन इतका ताण सहन केला पाहिजे, अशी अट असते. ही अट पाळली गेली की नाही हे पाहण्याचा मार्ग एकच. रुळाच्या पोलादाचा तुकडा यंत्रात धरून तो तुटेपर्यंत ओढावयाचा. तुटलेला तुकडा अर्थातच पुन्हा उपयोगाचा राहत नाही. सर्व रूळ तपासावयाचे ठरवले तर रेल्वेला पुरवण्यासाठी एकही रूळ उरणार नाही. म्हणून थोडे नमुने तोडून उरलेल्या सर्व रुळांविषयी निर्णय घ्यावा लागतो.

मराठीत या व्यवहाराला 'शितावरून भाताची परीक्षा' असे फार पूर्वीपासून म्हटले जाते. या म्हणीत एक अट न सांगता गृहीत धरलेली आहे. भात नीट ढवळलेला असला पाहिजे. वरचे शीत शिजलेले आणि तळचा भात कच्चा असेल तर परीक्षा फसते. संख्याशास्त्रात यालाच यादृच्छिक नमुना म्हणतात. समष्टीतील प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी असली पाहिजे. पुढील सर्व विवेचन या अटीवर उभे आहे. अट मोडली असेल तर कोणतेही सूत्र तिची भरपाई करू शकत नाही.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात परिकल्पना-चाचणी हा विषय बहुधा सूत्रांच्या रूपाने येतो. सूत्र पाठ असते, आकडेमोडही बिनचूक होते. चूक होते ती त्याआधी, म्हणजे प्रश्न मांडताना. कोणते विधान शून्य परिकल्पना म्हणून घ्यावयाचे, पर्यायी परिकल्पनेची दिशा कोणती, प्रश्न सरासरीचा आहे की प्रमाणाचा, हे ठरवण्यातच या विषयाचे मर्म आहे.

दोन विधाने

शून्य परिकल्पना हे समष्टीच्या एखाद्या प्राचलाविषयीचे असे विधान असते की, जे पुरावा मिळेपर्यंत खरे मानून चालावयाचे. पर्यायी परिकल्पना म्हणजे पुराव्याच्या बळावर जे स्थापित करावयाचे आहे ते विधान. दोन्ही विधाने समष्टीविषयी असतात, नमुन्याविषयी नव्हेत. 'नमुन्यातील सरासरी २० आहे' ही परिकल्पना होऊच शकत नाही, कारण नमुन्याची सरासरी आपल्यासमोरच असते. तिच्याबद्दल शंका नसते. बरोबरीचे चिन्ह नेहमी शून्य परिकल्पनेच्या बाजूला राहते, कारण त्या एका निश्चित मूल्यावरूनच 'योगायोगाने इतका फरक पडण्याची शक्यता किती' हे मोजता येते.

एक साधे, काल्पनिक उदाहरण घेऊ. दुर्ग-भिलाई परिसरातील पद्मनाभपूर या निवासी भागातील ८० टक्के कुटुंबे ओला व सुका कचरा वेगळा करून देतात, असा दावा आहे असे समजा. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १५० घरांची पाहणी केली असता १११ घरे, म्हणजे ७४ टक्के, तसे करताना आढळली. शून्य परिकल्पना अशी की, समष्टीतील प्रमाण ०.८० आहे. प्रमाण त्रुटी काढण्यासाठी ०.८० ला ०.२० ने गुणावे, १५० ने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे, उत्तर ०.०३२७ येते. नमुन्यातील प्रमाण व दाव्यातील प्रमाण यांतील फरक उणे ०.०६. त्याला प्रमाण त्रुटीने भागल्यावर झेड या चाचणीमूल्याची किंमत उणे १.८४ येते.

येथे सूत्रात ०.७४ नव्हे तर ०.८० घातले आहे, ही गोष्ट नजरेतून सुटू नये. आपण 'शून्य परिकल्पना खरी असती तर काय घडले असते' हा प्रश्न विचारत आहोत. म्हणून त्रुटीही त्याच जगातली घ्यावी लागते. विश्वासांतर काढताना मात्र कोणतेही मूल्य गृहीत धरलेले नसल्याने तेथे नमुन्यातील ०.७४ वापरावे लागते.

आता उणे १.८४ या मूल्याचा अर्थ काय लावावयाचा? पर्यायी परिकल्पना 'प्रमाण ८० टक्क्यांहून कमी आहे' अशी असेल तर ती एकपुच्छ चाचणी होय आणि ५ टक्के सार्थकता पातळीवर तिची सीमा उणे १.६४५ असते. मूल्य या सीमेच्या पलीकडे असल्याने दावा नाकारला जातो. पर्यायी परिकल्पना 'प्रमाण ८० टक्क्यांहून वेगळे आहे' अशी असेल तर ती द्विपुच्छ चाचणी. तिच्या सीमा अधिक-उणे १.९६. मूल्य त्यांच्या आतच राहिल्याने दावा नाकारता येत नाही. आकडे तेच, निर्णय दोन. म्हणूनच दिशा आकडे पाहण्यापूर्वी, प्रश्नाच्या शब्दांवरून ठरवली पाहिजे. 'कमी आहे काय', 'वाढले आहे काय' असे प्रश्न एकपुच्छ असतात. 'बदल झाला आहे काय', 'फरक आहे काय' असे प्रश्न द्विपुच्छ. आकडे पाहून सोयीची दिशा निवडणाऱ्याची खरी सार्थकता पातळी ५ टक्के राहत नाही, ती दुप्पट होते.

सरासरीचा प्रश्न प्रमाणाचा कधी होतो

पुन्हा भिलाईच्या रुळांकडे वळू. कारखान्यात पोलाद घाण्याघाण्यांनी तयार होते. तेथील भाषेत एका घाण्याला 'हीट' म्हणतात. भट्टीची व लाटण्याची प्रक्रिया सरासरी ९३० न्यूटन इतकी क्षमता देईल अशी बसवलेली आहे आणि जुन्या नोंदींवरून प्रमाण विचलन २० आहे, असे समजा. हे आकडे केवळ गणितासाठी घेतलेले आहेत. पंचवीस घाण्यांच्या नमुन्यांची सरासरी ९२१ आली. शून्य परिकल्पना : समष्टीची सरासरी ९३० आहे. पोलाद गरजेपेक्षा अधिक कडक होणेही इष्ट नसते, कारण तुटण्यापूर्वी किमान काही टक्के लांबण्याची अटही रुळाला पाळावी लागते. त्यामुळे बिघाड दोन्ही दिशांना संभवतो आणि चाचणी द्विपुच्छ ठरते. प्रमाण त्रुटी म्हणजे २० भागिले २५ चे वर्गमूळ, म्हणजे ४. झेडचे मूल्य उणे २.२५. पाच टक्के पातळीवर शून्य परिकल्पना नाकारली जाते. एक टक्का पातळीवर सीमा २.५७६ असल्याने ती नाकारली जात नाही. पातळीही आधीच ठरवून ठेवावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

एखादा विद्यार्थी विचारील की, ९२१ हा आकडा ८८० च्या पुष्कळ वर असताना चिंता कशासाठी? कारण अट सरासरीची नाही, ती तपासलेल्या प्रत्येक नमुन्याची आहे. गाडी सरासरी रुळावरून धावत नाही. ती प्रत्येक रुळावरून धावते. क्षमतेचे वाटप प्रसामान्य मानल्यास, सरासरी ९३० असताना ८८० च्या खाली येणाऱ्या घाण्यांचे प्रमाण हजारात सुमारे ६ असते. सरासरी ९२१ वर घसरताच ते हजारात सुमारे २० होते. सरासरीत एका टक्क्याची घट आणि दोषांच्या प्रमाणात तिपटीहून अधिक वाढ! म्हणून ज्या ठिकाणी धोका टोकाच्या घटकांमुळे उद्भवतो, त्या ठिकाणी प्रश्न प्रमाणाच्या भाषेत मांडणे अधिक योग्य ठरते. रेल्वेच्या विनिर्देशात द्रवरूप पोलादातील हायड्रोजनला दशलक्ष भागांत १.६ भाग अशी मर्यादा घालण्यात आली, तीही सरासरीची नव्हे. पोलादात अडकलेल्या हायड्रोजनमुळे आतल्या आत केसासारख्या भेगा पडतात आणि चाकांच्या भाराखाली त्या वाढत जातात. एका घाण्यातील जादा हायड्रोजनची भरपाई दुसऱ्या घाण्यातील कमी हायड्रोजनने होत नाही.

चार तुकडे आणि एक गाव

छत्तीसगडला 'धानाचा कटोरा' म्हणतात. भिलाईच्या चिमण्यांपासून थोड्या अंतरावर धानाची शेते सुरू होतात आणि त्या शेतांवर सरासरीचा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. २०१६ च्या खरीप हंगामापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत प्रमुख पिकांसाठी ग्रामपंचायत किंवा गाव हे विमा क्षेत्र मानण्यात आले आणि अशा प्रत्येक क्षेत्रात किमान चार पीककापणी प्रयोग घेण्याची तरतूद करण्यात आली. या प्रयोगांतून निघालेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाहून कमी आले तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारक शेतकऱ्यांना तुटीच्या प्रमाणात भरपाई मिळते. उंबरठा उत्पादन काढण्यासाठी मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणतात. संपूर्ण गावाचा हक्क चार तुकड्यांवर ठरतो!

समजा, एका गावात उंबरठा उत्पादन हेक्टरी २० क्विंटल आहे. पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा चार तुकड्यांतून ३.८, ५.२, ४.४ आणि ५.० किलो धान निघाले. पंचवीस चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा चारशेवा भाग. म्हणून हेक्टरी उत्पादन अनुक्रमे १५.२, २०.८, १७.६ आणि २०.० क्विंटल. सरासरी १८.४. येथे समष्टीचे प्रमाण विचलन माहीत नाही, ते नमुन्यावरूनच काढावे लागते. विचलनांच्या वर्गांची बेरीज १९.२, तिला ४ ने नव्हे तर ३ ने भागावयाचे, म्हणजे ६.४; वर्गमूळ २.५३. प्रमाण त्रुटी २.५३ भागिले २, म्हणजे १.२६५. चाचणीमूल्य उणे १.६ भागिले १.२६५, म्हणजे उणे १.२६.

हे मूल्य झेडच्या कोष्टकात पाहणे चुकीचे ठरेल. चार निरीक्षणांवरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच डळमळीत असते. ही अनिश्चितता हिशेबात धरणारे टी-वाटप विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडले. ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होते आणि तेथेही निरीक्षणे मोजकीच असत. तीन स्वातंत्र्य मात्रांसाठी पाच टक्के पातळीवरील एकपुच्छ सीमा २.३५३ आहे, १.६४५ नव्हे. आपले उणे १.२६ हे मूल्य तिच्या जवळपासही पोहोचत नाही.

आता मांडणीचा खरा प्रश्न येतो. शून्य परिकल्पना 'गावाचे उत्पादन किमान २० क्विंटल आहे' अशी घेतली तर ती नाकारता येत नाही आणि शेतकऱ्याला काहीच मिळणार नाही. उलट 'गावाचे उत्पादन २० क्विंटल किंवा त्याहून कमी आहे' अशी घेतली तर तीही नाकारता येत नाही आणि भरपाई द्यावी लागेल. सिद्धतेचा भार कोणावर, एवढाच काय तो फरक. पहिल्या मांडणीत तो शेतकऱ्यावर पडतो आणि चार तुकड्यांच्या बळावर तो त्याला पेलणारा नसतो. खरी सरासरी १८.४ आणि प्रमाण विचलन २.५३ असताना चार तुकड्यांची चाचणी ही तूट चार वेळांपैकी सुमारे एकदाच पकडते. उरलेल्या तीन वेळा तूट असूनही ती 'सिद्ध' होत नाही. याला प्रकार दोनची चूक म्हणतात, आणि ती न होण्याच्या संभाव्यतेला चाचणीचे सामर्थ्य. शून्य परिकल्पना खरी असताना ती नाकारणे ही प्रकार एकची चूक. सार्थकता पातळी तिच्यावर मर्यादा घालते, प्रकार दोनवर नाही.

विमा योजनेत अशी चाचणी घेतली जातच नाही, आणि ते योग्यच आहे. तेथे सरासरीचा अंदाज सरळ वापरतात. वरील उदाहरणात तूट १.६ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या ८ टक्के. म्हणून विमा संरक्षित रकमेच्या ८ टक्के भरपाई. जेथे 'किती' हा प्रश्न आहे तेथे 'आहे की नाही' या प्रश्नाचे यंत्र चालवू नये. मात्र अंदाजातील डळमळीतपणा दोन्ही पक्षांना सोसावा लागतो, हेही खरे. हीच तूट ५ टक्के पातळीवर ८० टक्के सामर्थ्याने पकडावयाची तर सोळा-सतरा तुकडे लागतील. कापणीच्या मोजक्या आठवड्यांत हे पटवाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. २०२३ च्या खरिपापासून धान व गहू यांच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रह व अन्य तंत्रज्ञानावर आधारित पद्धतीला किमान ३० टक्के भार देण्याचा निर्णय झाला, त्यामागे हीच अडचण आहे.

पीककापणी प्रयोगांच्या शास्त्राला एका मराठी संशोधकाचा हातभार लागलेला आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी परिकल्पना-चाचणीचा आजचा साचा १९३३ साली मांडला. त्याच दशकात सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांच्या सान्निध्यात शिकत होते. भारतात परतल्यावर १९४० पासून त्यांनी कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी शाखेची धुरा वाहिली आणि १९५१ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम पाहू लागले. चाळीसच्या दशकात तुकड्याचा आकार किती असावा यावर त्यांचा आणि प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद गाजला. महालनोबिस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते. लहान तुकडे स्वस्त पडतात, म्हणून अधिक संख्येने घेता येतात. सुखात्मे यांनी प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले की, फार लहान तुकड्यातून उत्पादन वाजवीपेक्षा अधिक दिसते. कारण सीमेवरचे रोप आत धरावयाचे की बाहेर, हा संशय कापणाऱ्याच्या हातून बहुधा 'आत' असा सुटतो. एक मीटर बाजूच्या चौरसात प्रत्येक चौरस मीटरमागे चार मीटर सीमा येते, पाच मीटर बाजूच्या चौरसात केवळ ०.८ मीटर. संशयाची जागाच पाचपटीने घटते.

या वादातील धडा सूत्रांत सापडत नाही. नमुन्याची संख्या वाढवली की प्रमाण त्रुटी कमी होते, परंतु मोजणीतला कल तसाच राहतो. हजार लहान तुकडे घेतले तर चुकीचे उत्तर अधिक आत्मविश्वासाने मिळेल, एवढेच.

मुलींच्या जन्माचे प्रमाण

संख्याशास्त्राच्या इतिहासातील पहिली सार्थकता-चाचणी म्हणून जिचा उल्लेख होतो ती प्रमाणाचीच होती. जॉन अर्बथनॉट यांनी १७१० साली लंडनमधील १६२९ ते १७१० या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या. प्रत्येक वर्षी मुलगे मुलींपेक्षा अधिक होते. दोन्हींची शक्यता समान असती तर सलग ८२ वर्षे असे घडण्याची संभाव्यता, दोनचा ८२ वेळा गुणाकार करून त्याने एकाला भागल्यावर येणारी, म्हणजे जवळजवळ शून्य. अर्बथनॉट यांनी योगायोगाची परिकल्पना नाकारली, ते बरोबरच होते. मात्र त्यावरून त्यांनी ईश्वरी योजनेचा निष्कर्ष काढला. शून्य परिकल्पना कोसळली म्हणजे आपल्या मनातले कारण सिद्ध झाले असे होत नाही; ही गल्लत या शास्त्राइतकीच जुनी आहे.

महाराष्ट्रात हा विषय केवळ इतिहासाचा नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या छत्तीसगडमध्ये ९६९, महाराष्ट्रात ८९४ आणि बीड जिल्ह्यात ८०७ होती. बीडमध्ये दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, ती ८९४ होती. गर्भलिंग निदानास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९९४ चा आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्याच्या अंमलबजावणीत जन्मनोंदींचे आकडे पाहून संशयित केंद्रांकडे लक्ष वळवले जाते. अशा वेळी परिकल्पनेची मांडणी चुकली तर निरपराध संशयाखाली येतो किंवा अपराधी सुटतो.

एका तालुक्यातील नोंदीत वर्षभरात १,००० जन्म झाले आणि त्यांत ४६५ मुली होत्या, असे समजा. हजार मुलग्यांमागे ८६९ मुली. बातमीचा मथळा तयार! एखादा परीक्षार्थी शून्य परिकल्पना 'मुलींचे प्रमाण ०.५०' अशी घेईल. प्रमाण त्रुटी ०.०१५८, झेड उणे २.२१; सीमा उणे १.६४५. निष्कर्ष, येथे काहीतरी काळेबेरे आहे. परंतु निसर्गतःच दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हस्तक्षेप नसतानाही मुलींचे प्रमाण सुमारे ०.४८८ असते. शून्य परिकल्पनेत हेच मूल्य घातले पाहिजे. मग फरक उणे ०.०२३, प्रमाण त्रुटी पुन्हा ०.०१५८, आणि झेड उणे १.४६. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. अर्बथनॉट यांनी जी परिकल्पना नाकारली, तीच तीनशे वर्षांनी निष्काळजीपणे पुन्हा गृहीत धरली की असा अन्याय घडतो.

परंतु याचा अर्थ तालुका निर्दोष ठरला असाही नाही. उत्तरपत्रिकेत 'शून्य परिकल्पना सिद्ध झाली' असे लिहिणे चुकीचे आहे. 'ती नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही' असे लिहावे. तेच प्रमाण चार वर्षांच्या ४,००० जन्मांत टिकले तर प्रमाण त्रुटी निम्मी, ०.००७९, होते आणि झेड उणे २.९१ वर जाते. आता योगायोग हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही आणि चौकशीला आधार मिळतो. झेड चाचणीसाठी नमुन्याचा आकार पुरेसा हवा. आकाराला शून्य परिकल्पनेतील प्रमाणाने आणि त्याच्या पूरकाने गुणले असता दोन्ही गुणाकार किमान दहा यावेत, असा संकेत आहे. एखाद्या लहान गावातील वर्षाच्या बारा-पंधरा जन्मांवरून असे गणित करणेच गैर. तेथे हजारी गुणोत्तर काढून ते छापणेही दिशाभूल करणारे असते.

आणखी एक सापळा आहे. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे आहेत. कोठेही हस्तक्षेप नाही असे मानले आणि प्रत्येक जिल्ह्याची ५ टक्के पातळीवर स्वतंत्र चाचणी घेतली, तरी सरासरी दोनएक जिल्हे निव्वळ योगायोगाने 'दोषी' ठरतील. तालुकानिहाय चाचण्या घेतल्या तर ही संख्या दहापटीने वाढेल. अनेक चाचण्या एकत्र घ्यावयाच्या तर प्रत्येकीची पातळी अधिक कडक ठेवावी लागते.

बीडच्या ८०७ या आकड्यावर मात्र यांपैकी कोणतीही चाचणी घेण्याचे कारण नाही, असे म्हणता येईल. जनगणना हा नमुना नव्हे. ती संपूर्ण मोजणी आहे आणि तिच्यात नमुना त्रुटी नसते. २००१ च्या तुलनेत २०११ मध्ये घट झाली हे चाचणीशिवायच दिसते. तेथे प्रश्न उरतात ते मोजणीच्या अचूकतेचे आणि कारणांचे. शून्य ते सहा वयोगटाच्या गुणोत्तरावर जन्माइतकाच बालमृत्यूचाही परिणाम होतो, हे त्यांपैकी एक.

एकाच मोजणीतून दोन प्रश्न

सरासरी व प्रमाण यांतील निवड धोरणाच्या दृष्टीने किती नाजूक असते, हे रक्तक्षयाच्या आकडेवारीत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३.१ टक्के होते, तर २०१९-२१ मध्ये ५७.० टक्के. दरम्यान २०१८ मध्ये 'ॲनिमियामुक्त भारत' मोहीम सुरू झाली होती आणि तिचे लक्ष्य हे प्रमाण दरवर्षी तीन टक्के अंकांनी घटवण्याचे होते. दोन्ही फेऱ्यांत सुमारे सात-सात लाख स्त्रियांची पाहणी झाली. दोन प्रमाणांतील फरकाची चाचणी घेताना शून्य परिकल्पना 'दोन्ही प्रमाणे समान' अशी असते; म्हणून दोन्ही नमुने एकत्र करून एकच संयुक्त प्रमाण काढतात आणि त्यावरून प्रमाण त्रुटी ठरवतात. साध्या यादृच्छिक नमुन्याचे सूत्र वापरले तर येथे झेडचे मूल्य चाळीसच्या वर जाते. पाहणीत गावे व वस्त्या आधी निवडून मग घरे निवडली जात असल्याने खरी त्रुटी याहून मोठी असते. ती दुप्पट धरली तरी झेड वीसच्या वर राहतो. नमुना इतका मोठा असला की सार्थकता जवळजवळ हमखास मिळते.

रक्तक्षयाची व्याख्या मात्र एका रेषेवर अवलंबून आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन आढळले की तिची गणना या गटात होते. हिमोग्लोबिनची सरासरी ११.८ आणि प्रमाण विचलन १.६ असे मानून पाहू. प्रसामान्य वाटपानुसार सुमारे ५५ टक्के स्त्रिया रेषेखाली येतील. सरासरी ११.६ झाली तर सुमारे ६० टक्के. केवळ ०.२ ग्रॅमचा फरक आणि प्रमाणात पाच टक्के अंकांची उडी, कारण फार मोठी संख्या नेमकी रेषेच्या आसपास दाटलेली असते. या पाहण्यांत रक्त बोटाच्या टोकातून घेतले गेले. शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीशी त्याचे निकाल तंतोतंत जुळत नाहीत आणि बोट किती दाबले, पहिला थेंब पुसला की नाही, यांवरही ते थोडेफार बदलतात. दोन फेऱ्यांतील या कामात ०.२ ग्रॅमचा फरक पडला असेल, तर प्रमाणातील ३.९ अंकांची वाढ एकही स्त्री अधिक अशक्त न होताही दिसू शकते. असा फरक पडला होता की नाही, याचे उत्तर झेडच्या मूल्यातून मिळत नाही. त्यासाठी त्याच स्त्रियांचे बोटातले व शिरेतले रक्त एकाच वेळी तपासून जोडीतील फरकांच्या सरासरीची चाचणी घ्यावी लागते आणि तिची शून्य परिकल्पना 'फरकांची सरासरी शून्य आहे' अशी असते.